सेंटरपे: फुकटची, सोपी आणि जराशी आंधळी सोय

पगारदार पतसंस्थेचा हप्ता कसा जातो, हे नोकरदाराच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तो पगारपत्रकावरच कापला जातो आणि हातात पडतो तो उरलेला पगार. ऑस्ट्रेलियातली सेंटरपे ही सोय याच चालीची आहे, फक्त पगाराच्या जागी सेंटरलिंकचा, म्हणजे तिथल्या सरकारी कल्याण सेवेचा, पंधरवड्याला मिळणारा भत्ता किंवा पेन्शन धरायची. एज पेन्शन (म्हातारपणाची), जॉबसीकर (बेकारी भत्ता), डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन (अपंगत्वाची) असं काही चालू असेल, तर ते बँकेत जमा व्हायच्या आधीच त्यातून वीज, भाडं, पाणी, शाळेची फी यांची ठरलेली रक्कम परस्पर त्या त्या ठिकाणी जाते. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया हे सरकारी खातं ही सोय १९९८ पासून चालवतं आणि सहा लाखांहून जास्त लोक ती वापरतात. ग्राहकाला एक पैसाही लागत नाही. प्रत्येक कपातीमागे ९९ सेंट कंपनी भरते, आणि ते तिला ग्राहकाच्या बिलात लावता येत नाहीत.

सोय चांगलीच आहे. थोड्या पैशांत पंधरवडा काढणाऱ्या घराला तिच्याइतका बिनखर्चाचा दुसरा मार्ग ऑस्ट्रेलियात नाही. पण तिला एकच काम येतं. सांगितलेले पैसे सांगितलेल्या ठिकाणी ती दर पंधरवड्याला टाकते. तिथे तुमचं खातं अजून चालू आहे का, बिल तेवढं येतंय का, घर बदललं का, यातलं काही तिला कळत नाही. तिच्याबद्दलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या एका गोष्टीतून उगवतात, म्हणून या परीक्षणात कौतुक थोडक्यात आहे आणि हिशेब सविस्तर.

मराठी घरांत सेंटरपेचा संबंध बहुधा दोन वाटांनी येतो. एक म्हणजे दहा वर्षांच्या वास्तव्याची अट पूर्ण करून सदुसष्टीनंतर एज पेन्शन सुरू झालेले आईबाबा, दुसरी म्हणजे नोकरी सुटल्यावर जॉबसीकरवर आलेली मंडळी. नव्याने आलेल्या स्थायी रहिवाशाला जॉबसीकरसाठी साधारणपणे चार वर्षं थांबावं लागतं. भत्ताच नसेल तर सेंटरपेही नाही, कारण ही बिलासाठी मिळणारी मदत नव्हे. पैसे तुमचेच असतात, ते जातात फक्त दुसऱ्या रस्त्याने. ‘सरकार विजेचं बिल भरतं’ असं कोणी सांगितलं, तर त्याचा काहीतरी घोळ झालाय. बिलावरची सवलत ही वेगळी गोष्ट आहे, ती पुढे येईल.

बँकेचं डायरेक्ट डेबिट आणि सेंटरपे यांतला खरा फरक पैसे कमी पडतात त्या दिवशी दिसतो. डायरेक्ट डेबिट आलं आणि खात्यात शिल्लक नसली, की व्यवहार परत जातो. मग बँक किंवा कंपनी, कधी दोघंही, दंड लावतात. सेंटरपेत बँक मध्ये येतच नाही. भत्ता कमी पडला किंवा त्या पंधरवड्यात आलाच नाही, तर कपात होत नाही आणि दंडही बसत नाही. शिवाय भत्ता उशिरा आला तर कपातही त्याच्या मागोमाग सरकते, तारीख हुकत नाही. बिल मात्र उभंच राहतं. दंड नाही म्हणजे देणं फिटलं, असं समजणारे पुष्कळ आहेत. दिवसाचे चोवीस तास हिशेब लावणारं डोकंसुद्धा इथे फसतं, कारण फोनवर कुठलाही लाल संदेश येत नाही.

सुरू करायच्या आधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: कंपनीचा सेंटरपे क्रमांक, त्या कंपनीकडचा तुमचा ग्राहक क्रमांक आणि दर पंधरवड्याची रक्कम. पहिल्यात एक गंमत आहे. कंपनीच्या क्रमांकालाही सीआरएन म्हणतात आणि सेंटरलिंककडच्या तुमच्या स्वतःच्या क्रमांकालाही सीआरएनच. कंपनीचा सुरू होतो ५५५ ने आणि तो बिलाच्या मागच्या बाजूला, ‘पैसे कसे भराल’ या चौकटीत सेंटरपेच्या खुणेजवळ असतो. तुमचा असतो नऊ अंकी, शेवटी एक इंग्रजी अक्षर, आणि तो कन्सेशन कार्डावर, म्हणजे सेंटरलिंकच्या सवलतीच्या कार्डावर, छापलेला असतो. फोनवर ‘सीआरएन सांगा’ म्हटलं की कोणता हवा, ते विचारून घ्या.

ग्राहक क्रमांक नीट टिपणं त्याहून महत्त्वाचं. वीज आणि गॅस एकाच कंपनीचे असले तरी दोन खाती असू शकतात. दोन्हींचे पैसे एकाच क्रमांकावर गेले, तर विजेच्या खात्यात जमा फुगत जाते आणि गॅसवर थकबाकीची नोटीस येते. एक आकडा चुकला तर पैसे अधांतरी पडतात, आणि कंपनीकडून ते शोधून घ्यायला काही आठवडे सहज जातात. पहिली कपात झाल्यानंतरचं पहिलं बिल म्हणूनच नीट वाचावं. त्यावर ती रक्कम ‘मिळाली’ या रकान्यात दिसली, म्हणजे जोडणी झाली.

जोडणी मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरून सेंटरलिंकच्या खात्यात जाऊन करता येते, एक्स्प्रेस प्लस सेंटरलिंक या ॲपमधून करता येते, फोनवर किंवा सेवा केंद्रात जाऊनही. ऑनलाइन असाल तर डिडक्शन्सच्या विभागात नवी कपात निवडायची, कंपनी नावाने किंवा ५५५ च्या क्रमांकाने शोधायची, ग्राहक क्रमांक आणि रक्कम भरायची, सुरू व्हायची तारीख द्यायची. शेवटी पावतीचा क्रमांक येतो, त्याचा फोटो काढून ठेवा. एज पेन्शनवाल्यांचा फोन १३२ ३००, जॉबसीकरवाल्यांचा १३२ ८५०. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर १३१ २०२ या बहुभाषिक क्रमांकावर दुभाषी मागावा, त्याचे पैसे पडत नाहीत. मराठी दुभाषी त्या घडीला मोकळा नसला तर हिंदी चालेल म्हणून सांगायचं. आईबाबांच्या बाजूने मुलगा किंवा मुलगी बोलणार असेल, तर त्यांच्या नावाची परवानगी सेंटरलिंककडे आधी नोंदवलेली हवी. नाहीतर पलीकडचा माणूस कितीही सौजन्याने बोलला तरी माहिती देणार नाही.

कपात सुरू करायचा आणखी एक रस्ता आहे: तुमची संमती घेऊन कंपनी स्वतःच ती लावते. दुकानात किंवा दारावर सही घेतली जाते आणि पुढच्या पंधरवड्यापासून पैसे जायला लागतात. हा रस्ता टाळलेलाच बरा. तेच काम स्वतः केलं तर रक्कम, तारीख आणि शेवट तुमच्या हातात राहतो. कपात बदलणं, थोडे दिवस थांबवणं किंवा कायमची बंद करणं हा तुमचा हक्क आहे, त्याला कंपनीची परवानगी लागत नाही. बदल मात्र पैसे यायच्या दोन-तीन दिवस आधी करावा. आदल्या रात्री केलेला बदल कधी लागतो, कधी लागत नाही.

आता रक्कम किती ठेवायची. बहुतेक चुका इथेच होतात आणि त्यांचं मूळ शाळेच्या गणितात आहे. वर्षात महिने १२, पंधरवडे मात्र २६. महिन्याच्या बिलाचे दोन भाग करून प्रत्येक पंधरवड्याला एक भाग लावला, की वर्षाला १३ महिन्यांचे पैसे जातात. भाड्यात हे फार महाग पडतं. आठवड्याला ४२० डॉलर भाडं असेल, तर महिन्याचं होतं १,८२०. पंधरवड्याची खरी रक्कम ४२० गुणिले २, म्हणजे ८४०. कोणी १,८२० चा अर्धा, म्हणजे ९१० लावून बसला, तर दर पंधरवड्याला ७० डॉलर जास्त जातात आणि वर्षाअखेर १,८२० डॉलर, म्हणजे बरोब्बर एका महिन्याचं भाडं, एजंटाकडे आगाऊ पडून असतं. बुडत नाही हे खरं. पण पेन्शनवरच्या माणसाचे अठराशे डॉलर दुसऱ्याच्या खात्यात झोपलेले असणं परवडणारं नाही.

विजेसाठी शेवटची चार तिमाही बिलं काढा. समजा ४१२, ३६५, ४९८ आणि ३८९ आली. बेरीज १,६६४, त्याला २६ ने भागलं की ६४. एवढीच रक्कम. शेवटच्या एकाच बिलावरून अंदाज बांधायचा मोह होतो, तो आवरावा: मेलबर्नमध्ये हिवाळ्याचं बिल हातात घेऊन आकडा काढला तर उन्हाळाभर जास्त जातं, आणि उन्हाळ्याचं धरलं तर ऑगस्टमध्ये थकबाकी दिसते. बिलावरची निव्वळ देय रक्कम पाहूनही फसगत होते. २०२४-२५ मध्ये केंद्र सरकारने घरगुती ग्राहकांना वर्षाला ३०० डॉलर दिले, ते तिमाहीला ७५ असे बिलातून वजा होत गेले. अशी तात्पुरती सूट धरून काढलेली सरासरी ती संपली की तोकडी पडते. म्हणून सूट वजा व्हायच्या आधीचा आकडा घ्यावा आणि कायमची सवलत तेवढी त्यातून कमी करावी. दर जुलैत वीजदर बदलतात, त्या सुमाराला हा हिशेब पुन्हा एकदा मांडला की पुरतं. कपातीची किमान रक्कम सहसा १० डॉलर असते. ‘नुसतं चालू तरी ठेवू’ म्हणून १० लावून ठेवणारे दिसतात. तिमाहीला साडेसहा पंधरवडे, म्हणजे त्यातून भरतात ६५ डॉलर, आणि बिल येतं चारशेचं.

ज्या देण्याला शेवट आहे, त्याला शेवट सांगून ठेवावा. सेंटरपेत दोन लगाम आहेत, लक्ष्य रक्कम आणि शेवटची तारीख. ६०० डॉलरचा दंड ३० च्या हप्त्याने भरायचा असेल तर लक्ष्य रक्कम ६०० द्यावी, २० पंधरवड्यांनी कपात आपोआप थांबते. बिनव्याजी कर्जाचंही तसंच. गुड शेफर्ड संस्थेच्या निल्स योजनेत घरगुती वस्तूंसाठी २,००० डॉलरपर्यंत बिनव्याजी, बिनशुल्क कर्ज मिळतं आणि ते सेंटरपेतून फेडता येतं. १,१७० डॉलरचा फ्रिज १८ महिन्यांत फेडायचा तर ३९ पंधरवडे, दर वेळी ३० डॉलर. लक्ष्य रक्कम १,१७०. ती न देता नुसते ३० चालू ठेवले, तर चाळिसावा हप्ताही जाईल.

फ्रिजचं उदाहरण मुद्दाम घेतलं. सेंटरपेच्या इतिहासातलं सगळ्यात काळं पान घरगुती वस्तू भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचंच आहे. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन ‘पंधरवड्याला फक्त इतके’ म्हणून द्यायचं आणि हप्ता भत्त्यातूनच वळता करून घ्यायचा. भत्ता हातात यायच्या आधीच पैसे मिळत असल्यामुळे वसुलीची चिंता नाही, मग ग्राहकाला परवडतंय का हे कोण बघणार? एसिक या वित्तीय व्यवहारांच्या नियामकाने २०१५ मध्ये अशा भाडेकरारांची तपासणी केली, तेव्हा कपडे वाळवायच्या एका मशीनच्या करारात लावलेली किंमत वर्षाला ८८४ टक्के व्याजाइतकी निघाली. पठाणी व्याज म्हणतो ते याच्यापुढे दानधर्म वाटेल. अंत्यसंस्काराच्या खर्चाचा विमा किंवा निधी विकणाऱ्यांनीही हीच नळी वापरली. आदिवासी ऑस्ट्रेलियन कुटुंबांकडून वर्षानुवर्षे हप्ते घेणारा युप्ला हा निधी २०२२ मध्ये कोसळला, आणि त्याचे बरेचसे हप्ते पूर्वी सेंटरपेतूनच गेले होते. ‘सरकारच्या यंत्रणेतून कापलं जातंय म्हणजे सरकारने तपासलेलंच असेल’ असं त्या माणसांनी धरलं होतं, आणि त्यात त्यांची चूक काय?

२०२४ मध्ये सरकारने सुधारणा जाहीर केल्या. वस्तू भाड्याने देण्याच्या करारांना सेंटरपेतून बाहेर काढायचं ठरलं आणि व्यवसायांवरच्या अटी कडक करायला घेतल्या. उशिरा का होईना, ते झालं. तरीसुद्धा कपातींच्या यादीत एखाद्या जुन्या कंपनीचं नाव दिसलं आणि कशाचे पैसे जातात ते आठवत नसेल, तर आधी थांबवा आणि मग विचारा. उलट्या क्रमाने गेलात तर मधले दोन-तीन हप्ते गेलेच समजा.

वीज कंपन्यांच्या बाबतीतला घोळ वेगळा. तो लबाडीपेक्षा ढिलाईतून होतो, निदान सुरुवातीला. ग्राहक घर सोडतो किंवा स्वस्त दर बघून दुसऱ्या कंपनीकडे जातो. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल येतं, खातं बंद होतं. सेंटरपेला मात्र कोणीच काही सांगितलेलं नसतं. दर पंधरवड्याला ६४ डॉलर बंद खात्यात पडत राहतात, पाच पंधरवड्यांत ३२० होतात, आणि तिकडे नव्या कंपनीचं बिल चढतं. माणूस म्हणतो, पैसे तर कापले जातायत, मग थकबाकी कसली! ऑस्ट्रेलियाच्या ऊर्जा नियामकाने, म्हणजे एईआरने, नेमक्या अशाच प्रकारासाठी एका मोठ्या वीज कंपनीला फेडरल कोर्टात खेचलं. आरोप असा, की खातं सोडून गेलेल्या शेकडो ग्राहकांचे सेंटरपेचे पैसे कंपनी घेत राहिली आणि जास्त घेतलेले तिने वेळेत कळवले नाहीत की परत केले नाहीत. आलेले पैसे कोणाचे, हे कंपनीच्या संगणकाला समजत होतं, पण ते परत पाठवणं कोणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं.

म्हणून कंपनी बदलताना क्रम असा ठेवा. नव्या कंपनीचा ग्राहक क्रमांक हातात येताच नवी कपात लावा, त्याच बैठकीत जुनी थांबवा. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल वेगळं भरा, किंवा तेवढ्यापुरती लक्ष्य रक्कम टाकून जुनी कपात चालू ठेवा. शेवटच्या बिलावर जमा दिसली तर ती बँक खात्यात परत मागा, मागितल्याशिवाय वाट बघत बसू नका. त्याच कंपनीकडे राहून नुसतं घर बदललं तरी ग्राहक क्रमांक बदलतो, हे निम्म्या लोकांच्या ध्यानात येत नाही. कंपनीने टोलवाटोलवी केली तर व्हिक्टोरियात ऊर्जा आणि पाणी लोकपालाचा फोन १८०० ५०० ५०९, न्यू साऊथ वेल्समध्ये १८०० २४६ ५४५. दोन्ही मोफत. तक्रार करताना कपातींची यादी सेंटरलिंकच्या खात्यातून काढून जवळ ठेवा, तारीखवार यादीसमोर कंपनीचा सूर बदलतो.

भाड्यासाठी सेंटरपे वापरायचं तर आणखी एक भिंत आहे. पैसे घेणारा सेंटरपेत नोंदलेला हवा. सामाजिक गृहनिर्माण संस्था आणि बऱ्याच इस्टेट एजन्सी असतात, एकटादुकटा घरमालक सहसा नसतो. ओळखीतल्या कोणाच्या घरात खोली घेऊन राहणाऱ्याला, आणि आपल्याकडे सुरुवातीची वर्षं बहुतेकांची तशीच जातात, सेंटरपेचा उपयोग नाही. त्यांनी बँकेतून पंधरवड्याचं ठरावीक हस्तांतर लावावं, भत्त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. सरकारी घरांत राहणाऱ्यांसाठी भाडं कापून घ्यायची वेगळी योजना आहे, ती सेंटरपे नव्हे.

जॉबसीकरवर असताना अधूनमधून काम मिळतं त्यांनी भाड्याची कपात जपून लावावी. पंधरवड्यात १५० डॉलरपर्यंत कमाईला हात लागत नाही. त्यापुढे २५६ पर्यंत डॉलरमागे ५० सेंट आणि त्याच्यावर ६० सेंट भत्ता घटतो. वर्किंग क्रेडिट (कमाई नसलेल्या किंवा कमी असलेल्या पंधरवड्यांत साठणारी सूट) साठलेलं नसेल, तर ४५० डॉलर कमावल्यावर १०६ चे निम्मे ५३, अधिक १९४ चे ११६.४०, म्हणजे १६९.४० डॉलरने भत्ता कमी येतो. कपात मात्र तेवढीच राहते. दोन शिफ्ट जास्त केल्या आणि भत्ता भाड्याच्या खाली गेला, तर त्या वेळी भाडंच जाणार नाही. पगार खात्यात आलेला असतो, खर्चही होऊन जातो, आणि एजंटाचा संदेश येतो तेव्हा कुठे कळतं. कमाई वरखाली असेल तर सेंटरपेत वीज-पाण्यासारखी लहान देणी ठेवावीत, भाडं बँकेतून द्यावं. पेन्शनवाल्यांची रक्कम स्थिर असते, २० मार्च आणि २० सप्टेंबरला वाढते तेवढीच, त्यांना ही अडचण नाही.

सवलतींचं सांगायचं राहिलं होतं. सेंटरपे लावलं की पेन्शनर किंवा हेल्थ केअर कार्डाची सवलत आपोआप लागते, हा समज चुकीचा आहे. कार्डाचा क्रमांक कंपनीला वेगळा द्यावा लागतो आणि नाव बिलावर व कार्डावर सारखं लागतं. आपल्याकडे बिलावर ‘एस. जोशी’ आणि कार्डावर बापाच्या नावासकट पूर्ण नाव असा प्रकार सर्रास असतो, तिथे अर्ज अडकतो. व्हिक्टोरियात विजेवर वर्षभर १७.५ टक्के सवलत आहे, गॅसवर तेवढीच पण १ मे ते ३१ ऑक्टोबर. न्यू साऊथ वेल्समध्ये कमी उत्पन्नाच्या घराला विजेवर वर्षाला २८५ डॉलरची सूट मिळते. आधी सवलत लावून घ्या, मग सेंटरपेचा आकडा काढा. वर्षाला १,६६४ च्या बिलावर साडेसतरा टक्के म्हणजे ढोबळ मानाने २९० डॉलर, पंधरवड्याला अकरा डॉलरचा फरक.

आणि थकबाकी आधीच डोक्यावर असेल तर? नुसत्या सेंटरपेने ती फिटत नाही. कंपनीच्या लेखी तुम्ही नियमित भरणारे पण कमी भरणारे ग्राहक असता. फोन करून अडचणीत असल्याचं स्पष्ट सांगावं आणि हप्तेबंदी मागावी. व्हिक्टोरियातल्या नियमांनुसार थकबाकी दोन वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत फेडता येते. तिथे युटिलिटी रिलीफ ग्रँटही आहे. वीज, गॅस आणि पाणी या प्रत्येकासाठी दोन वर्षांतून एकदा ६५० डॉलरपर्यंत, घरात फक्त वीजच असेल तर १,३०० पर्यंत. हे पैसे परत द्यायचे नसतात, पण अर्ज बहुधा कंपनीमार्फत सुरू होतो आणि तुम्ही विषय काढल्याशिवाय पलीकडचा माणूस काढेलच असं नाही. सगळंच हाताबाहेर गेलं असेल तर नॅशनल डेट हेल्पलाइन, १८०० ००७ ००७, इथे फायनान्शियल काउन्सेलर फुकट सल्ला देतात. कर्ज एकत्र करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीतल्या कंपन्या आणि हे लोक एक नव्हेत.

वापरायला सेंटरपे साधं आहे, ॲपमध्ये दहा मिनिटांचं काम. कपातींची यादी एका पानावर दिसते, हे बँकेच्या विखुरलेल्या डायरेक्ट डेबिटपेक्षा केव्हाही बरं. उणीव आहे ती समोरच्या बाजूची. कंपनीकडे किती जमा झाली आहे, हे त्या पानावर कळत नाही. त्यासाठी कंपनीचं ॲप किंवा बिल वेगळं उघडावं लागतं. जमा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ग्राहकाला संदेश जावा, एवढी एक सोय केली असती तरी निम्मे घोळ मिटले असते. तोवर ते काम कॅलेंडरला द्या. तीन महिन्यांतून एकदा, वीज बिल आलं की यादीतलं एकेक नाव आणि त्याचं बिल समोरासमोर ठेवायचं.

आणखी दोन प्रसंग, जे मराठी घरांत हमखास येतात. आईबाबा थंडी चुकवायला तीन-चार महिने पुण्याला जातात. परदेशी सहा आठवडे झाले की पेन्शनची रक्कम घटते आणि कन्सेशन कार्ड रद्द होतं. कार्ड रद्द झालं की बिलावरची सवलतही निघते. परत आल्यावर नवं कार्ड आलं, तरी वीज कंपनीला त्याचा तपशील पुन्हा द्यावा लागतो. जायच्या आधी कपातींची रक्कम तपासा, बंद घराचं बिल थोडंच येणार असेल तर कमी करा. जॉबसीकर तर परदेशी गेल्यावर सहसा थांबतोच, त्यावर लावलेल्या सगळ्या कपातीही त्याबरोबर थांबतात, आणि बिलं इथे येत राहतात.

दुसरा प्रसंग घरातलं एक माणूस जाण्याचा. बहुतेक घरांत सगळ्या कपाती वडिलांच्या पेन्शनवर लावलेल्या असतात. ते गेले की त्यांच्या नावची पेन्शन थांबते, कपाती त्याच वेळी बंद पडतात, आणि वीज, पाणी, कौन्सिलचा कर एकदमच थकायला लागतो. ज्या दिवसांत आईने पत्रं उघडूनही पाहिलेली नसतात, त्याच दिवसांत. दोघांनाही पेन्शन असेल तर कपाती आत्ताच वाटून लावाव्यात, वीज आईच्या नावावर, पाणी बाबांच्या. बिलाच्या खात्यावर दोघांची नावं घालून घ्यायला कंपनीला एक फोन पुरतो.